सतरा जोड चपला

१८ जानेवारी, रविवार. काम: चपलांची मांडणी धुऊन उन्हात वाळवणं.

मांडणी म्हणजे पॅकिंगच्या फळ्या ठोकून केलेली. चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच कप्पे. नवऱ्याने केली होती. तो तळोज्याला कारखान्यात होता, तिथे टाकून दिलेल्या फळ्या मिळायच्या. तो जाऊन नऊ वर्षं झाली, मांडणी टिकली. वरून दुसरा कप्पा जरा वाकडा आहे, त्यात बूट बसत नाही, फक्त सपाट चप्पल बसते. मी ती ओढत दाराबाहेरच्या फरशीवर आणली, उलटी केली आणि घासणीने घासायला घेतली. कोपऱ्यात वर्षभराची माती होती, दोन खडू, एक केसांची क्लिप आणि वाळलेला भात.

ही मांडणी धुण्याचं कारण असं की दुसऱ्या दिवसापासून तिचं जुनं काम संपणार होतं. ते काम काय होतं हे आधी सांगायला हवं.

मी पनवेलला बारा वर्षं पाळणाघर चालवते. तळमजल्याचा फ्लॅट आहे. हॉल मुलांचा, आतली खोली निजण्याची, स्वयंपाकघर माझं आणि मदतीला येणाऱ्या बाईंचं. मी एकटी राहते, म्हणून संध्याकाळी सात ते सकाळी सात सगळंच माझं. पहिल्या वर्षी चार मुलं होती. मूल आलं की चपला काढायच्या आणि आपल्या कप्प्यात ठेवायच्या, एवढा एकच नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. दीड वर्षाचं मूलसुद्धा महिन्याभरात शिकतं. संध्याकाळी मूल गेलं की कप्पा रिकामा. त्यामुळे दिवसभरात केव्हाही, पोळी भाजताना किंवा कोणाचं नाक पुसताना, मान वळवून मांडणीकडे बघितलं की घरात किती मुलं आहेत ते मला कळायचं. वही काढा, पेन शोधा, ते पेन कोणाच्या तोंडात गेलं ते बघा, यापेक्षा हे सोपं होतं. बारा वर्षं एकदाही चुकलं नाही. निदान मी तसं समजत होते.

मग पाळणाघरांची सरकारी नोंदणी आली. मी लगेच केली, कारण कागद नीट असलेले मला बरे वाटतात. कार्यालयातून माणसं येऊन हॉल मोजून गेली आणि पंधरा मुलांची परवानगी मिळाली. आमच्या गल्लीत आणखी दोन पाळणाघरं आहेत. त्यांनी नोंदणी केली नाही, त्यामुळे त्यांची तपासणीही होत नाही. ही तक्रार नाही. असं आहे, एवढंच.

पंधराची अठरा झाली ती माझ्यामुळे. नोव्हेंबर ते डिसेंबरमध्ये तीन घरांनी विचारलं. प्रत्येकाची अडचण खरी होती. एका आईची रजा संपत होती, एका घरातली आजी गावी गेली होती, एका घरात दोघांच्याही नोकरीत पाळ्या होत्या. मी तीनदा हो म्हटलं. एकदा नाही म्हटलं असतं तर पुढच्या दोनदा सोपं गेलं असतं.

तपासणीला बाई आल्या तो मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. माझ्याच वयाच्या. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, उभीच बरी. चहा नको म्हणाल्या, पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या. न्हाणीघराची कडी पाहिली, गॅसचं सिलिंडर पाहिलं, फ्रिजच्या दारात ठेवलेली औषधं बाहेर काढून एकेक बाटली हातात घेतली. कोणाची आहे, किती द्यायची, कोणी सांगितलं, हे लिहिलेलं कुठे आहे? मी म्हटलं, आया फोनवर सांगतात, माझ्या लक्षात असतं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, आत्ता घरात किती मुलं आहेत?

मी मांडणीकडे बघितलं आणि सतरा म्हटलं. परवानगी पंधराची असल्यामुळे दोन जास्त आहेत हे त्याच शब्दात कबूल झालं, पण खोटं बोलायचं मनात नव्हतं.

बाईंनी हॉलमधली मुलं मोजली. आतल्या खोलीत जाऊन निजलेली मोजली. बाहेर येऊन परत हॉलमधली मोजली, कारण मुलं एका जागी बसत नाहीत.

"अठरा आहेत," त्या म्हणाल्या.

मी आत गेले. कोपऱ्यातल्या गादीवर शालीत गुंडाळलेली एक मुलगी होती, अडीच वर्षांची, डिसेंबरात सगळ्यांत शेवटी आलेली. तिचा बाप रात्रपाळी करून आला होता. थंडी होती, ती झोपेत होती, तर त्याने तिला पायमोज्यांवरच उचलून आणलं आणि स्वतःच आत नेऊन निजवलं. मी तेव्हा दुसऱ्या मुलाचा लंगोट बदलत होते. त्याने हात केला, मी मान हलवली. नंतर एकदा जाऊन तिच्या अंगावरची शालही सारखी केली होती. म्हणजे ती आहे हे मला माहीत होतं. पण आकडा सांगताना मी मांडणी मोजली, आणि मांडणीत ती नव्हती.

हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मांडणीकडे जरा वेळ बघितलं. पद्धत चांगली आहे, म्हणाल्या, आणि मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत.

"समजा आग लागली, मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तुम्ही सतरा बाहेर काढता आणि थांबता."

 

शुक्रवारी अहवाल आला. शेरा: असमाधानकारक. खाली चार मुद्दे. मुलांची संख्या परवानगीपेक्षा जास्त. हजेरीची नोंद नाही, संख्या बरोबर सांगता आली नाही. लेखी परवानगीशिवाय औषध. आजारी मुलांना वेगळं ठेवण्याची सोय नाही. पंधरा दिवसांत सुधारणा करायची, नंतर पुन्हा तपासणी, आणि तेव्हाही असंच आढळलं तर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द म्हणजे पाळणाघर बंद. दुसरं काम मी केलेलं नाही आणि आता बावन्नाव्या वर्षी शिकायची इच्छाही नाही.

मी अहवालाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. लपवण्यात अर्थ नव्हता. पाच मिनिटांत लाल चेहऱ्यांची रांग लागली. मग मजकूर यायला लागले. हे काय भलतंच. मावशींसारखं कोण सांभाळतं. त्या बाईंना स्वतःला मुलं आहेत का विचारा. पाकीट हवं असेल. मी लिहिलं की त्यांनी पाकीट मागितलं नाही, चहासुद्धा घेतला नाही. त्याच्या खाली कोणीतरी लिहिलं, चहा न घेणारेच मोठं पाकीट मागतात. त्यावर सगळे हसले. निदान हसणारे चेहरे तरी आले.

त्याच आठवड्यात, ११ तारखेच्या रविवारी, संध्याकाळी माझ्याकडे बैठक ठरली. ठरवली एका बाबांनी. ते बँकेत आहेत, त्यांचा मुलगा नोव्हेंबरात आला. अकरा माणसं आली. मोठी माणसं मुलांच्या सतरंज्यांवर गुडघे वर करून बसली, पाठी त्या भिंतीला जिथे मुलांचे तेलकट हात लागलेले असतात. मोठे बूट लहान कप्प्यांत मावेनात, ते मांडणीबाहेर पसरले होते. मी सवयीने मोजले. अकरा जोड.

बँकेतल्या बाबांनी कागदावर मुद्दे लिहून आणले होते. एका आईने नगरसेवकाच्या ओळखीचं काढलं. कोणाचा मेहुणा कार्यालयात होता, पण तो दुसऱ्या तालुक्यात. मी चहा दिला आणि सगळे एकदम बोलायचे थांबले तेव्हा म्हटलं, "त्या बाई चुकीचं बोलल्या नाहीत. माझं मोजणं चुकलं होतं."

"अहो मावशी, एका मुलाचं काय एवढं," कोणीतरी म्हणालं. "घरातच तर होतं ना?"

"मला दोनच आहेत," एक आई म्हणाली, "तरी मॉलमध्ये एक विसरून लिफ्टने खाली आले होते मी."

खूप हसू झालं. ती आई चांगली आहे, शाळेत शिकवते, मुलगी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आली. तिने मला हलकं वाटावं म्हणूनच ते सांगितलं. मी पुन्हा बोलायला लागले तर बँकेतले बाबा म्हणाले, मावशी, तुम्ही आता काही बोलूच नका, आम्ही आहोत. मग असं ठरलं की प्रत्येक घराने पाठिंब्याचं पत्र द्यायचं. पत्रांचा गठ्ठा बघितला की कार्यालय अठराची परवानगीसुद्धा देईल, असं बाबांचं म्हणणं. मलाही ते बरं वाटलं, हे मान्य करते. अठरा राहिली तर कोणाला काही सांगावं लागणार नव्हतं.

निघताना प्रत्येकाने माझा हात हातात घेतला. तुम्ही आमच्या घरच्याच, असं तिघांनी म्हटलं. आठ वाजता शेवटचा जोड गेला. मी अकरा कप विसळले, सतरंज्या झटकल्या आणि टीव्ही लावला. कोण होती ती मुलगी, असं एकानेही विचारलं नव्हतं. आपली नव्हती ना, एवढंही नाही. मी सांगणार नव्हते, तरी कोणी विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं.

घरच्यांबद्दल एक सांगते. मागे एका रविवारी मी बाजारात नारळ घेत होते. माझ्याकडचा एक मुलगा लांबून ओरडत आला आणि पायाला चिकटला. मागून त्याची आई आली, बरोबर तिची नणंद. आईने ओळख करून दिली, या आमच्या पाळणाघराच्या मावशी. नणंदेने नमस्कार केला. मग तिघं गेली आणि मी नारळ वाजवून बघितला. यात कोणाचं काहीच चुकलं नाही. रविवारी मी त्यांच्या कामाची नसते, आणि त्या दिवशी मुलं त्यांची असतात, तेही बरोबर आहे.

आठवडाभर पत्रं येत राहिली. मसुदा बँकेतल्या बाबांनी केला होता, वर छापील मजकूर, खाली आपला अनुभव लिहायला जागा. मजकुरात एक रिकामी रेघ होती. त्या रेघेबद्दल त्यांनी मला वेगळा मेसेज पाठवला: मावशी, तुमचं पूर्ण नाव कोणालाच माहीत नाही असं दिसतंय, ग्रुपवरही विचारलं, तेवढं तुम्हीच भरून घ्या. सगळ्यांच्या फोनमध्ये मी पाळणाघर मावशी आहे. मी स्वतःही ते कधी दुरुस्त केलं नाही.

तर त्या रविवारी, १८ तारखेला, मांडणी घासायच्या आधी, मी चहा घेऊन बसले आणि पत्रांत माझं नाव भरायला घेतलं. एकेक पत्र वाचत गेले. आधी वाचली नव्हती, कारण आपली स्तुती वाचत बसणं मला जमत नाही. वाचायला हवी होती.

माझ्या मुलाला ताप असतानाही मावशींनी कधी नाही म्हटलं नाही. आम्ही फोनवर सांगतो त्याप्रमाणे मावशी वेळच्या वेळी औषध देतात. कितीही मुलं असली तरी मावशी सगळ्यांना सामावून घेतात. एकीने लिहिलं होतं की इथे शाळेसारखी कागदपत्रं नाहीत, घरासारखा विश्वास आहे. अहवालातले चारही मुद्दे, पालकांच्या अक्षरात, सहीनिशी. त्या बाईंना लिहायला चार ओळी लागल्या होत्या. इथे पानंच्या पानं होती.

मला हसू आलं. ते एकटीने हसायला लागतं तेव्हा फार टिकत नाही.

शिवाय आदल्या दिवशी, शनिवारी, मी त्या तपासणीच्या बाईंना फोन करून अठराबद्दल विचारलं होतं. पत्रं आहेत म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "पत्रांनी हॉल मोठा होत नाही, मॅडम." मंगळवारी पुन्हा येणार असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे माझ्याकडे सोमवार होता. हे मी आठवड्यापूर्वी विचारायला हवं होतं, तेव्हा तीन घरांना आठ दिवस मिळाले असते. आधी मोजण्यात चुकले, मग उशीर केला. दोन्ही माझंच.

पत्रं मोजली. सतरा.

या वेळी न आलेलं एक कोणाचं ते मला माहीत होतं.

अकराच्या सुमाराला मी बाहेर मांडणी घासत होते तेव्हा तेच माणूस आलं. शालीतल्या मुलीची आजी, बरोबर ती मुलगी. ही आजी विमानतळाच्या बाजूच्या गावातली. जमीन बहुतेक विमानतळात गेली, घरामागचा तुकडा राहिला आहे, त्यात ती वाल आणि भाजी लावते आणि सकाळी पनवेलच्या बाजारात येऊन विकते. सून हॉस्पिटलात नर्स आहे. संध्याकाळी मुलीला न्यायला बहुतेक वेळा आजीच यायची, पण दारातच उभी राहायची आणि दोन मिनिटांत जायची. त्या दिवशी हातात पिशवी होती.

"पोरानं सांगलंय पत्र दे म्हून," ती म्हणाली. "मना लिवता येत नाय. तर तोंडानंच सांगते, तू बरी हायस. झालं काय पत्र?"

झालं म्हटलं. ती पायरीवर टेकली. मुलीने चपला काढल्या आणि मांडणी उलटी बघून त्या हातातच धरून उभी राहिली.

मी घासत घासतच सांगितलं. "आजी, तपासणीच्या दिवशी मी एक मूल कमी मोजलं. ती तुमची नात होती."



"किती येल?" तिने विचारलं.

"सकाळपासून. साडेअकरापर्यंत."

"मंग ही उटून बाहेर गेली असती, तरी तुला कललं नसतं?"

"नसतं कळलं."

"हां," ती म्हणाली. नातीला तिने जवळ ओढलं, तिच्या हातातल्या चपला घेऊन बाजूला ठेवल्या. "मंग त्या बायनी लिवलं ते बरोबरच लिवलंय."

दहा दिवसांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. मी घासणी खाली ठेवली.

"माजा पोरगा पन येडाच," ती म्हणाली. "पोरीला अनवानी आनतो. त्याला बोलली नाय तू?"

"मोजायचं काम माझं होतं."

"ते हाय," ती म्हणाली, आणि पुढे समजूत वगैरे घातली नाही. मुलगी फरशीवरच्या पाण्यात बोटं बुडवत होती. मी पुढचं कसं काढावं याचा विचार करत एका कप्प्यातली माती खरवडत राहिले. अहवालात पंधराचीच परवानगी आहे, हॉल मोजून दिलेली आहे, ती वाढत नाही, असं सगळं लांबून सांगितलं.

"कोन जानार मंग?"

"शेवटी आलेली तीन."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. महिने असावेत. "ही तर सगल्यांच्या मागून आली."

"हो."

"मंग तोंडानं सांग ना, बाय. त्या फल्यांकडं काय बगतेस?"

मी तिच्याकडे बघून सांगितलं. उद्यापासून हिला ठेवता येणार नाही. स्टेशनच्या बाजूला नोंदणी असलेलं एक पाळणाघर आहे, शनिवारी मी तिथे विचारलं होतं, पण त्यांच्याकडे दोनच जागा आहेत आणि त्या मी आधीच्या दोघांना देणार. हिच्यासाठी मिळाली नाही. पुढे मिळाली तर कळवेन.

ती म्हणाली, बाजारात घेऊन बसेन. हिचा बापही तिथेच टोपलीत निजायचा. मला त्या बाजाराचं ऊन माहीत आहे, सकाळी दहानंतर तिथे सावली नसते, आणि तिलाही ते माहीत होतं. त्यावर आम्ही दोघी बोललो नाही. बोलून सावली आली नसती.

उठताना तिने पिशवी माझ्या पायाशी ठेवली. वालाच्या शेंगा होत्या, सकाळच्या तोडलेल्या.

"या घेऊन जा," मी म्हटलं. "विकायच्या असतील."

"पत्राच्या बदली हायेत," ती म्हणाली. मग वाकून नातीच्या पायात चपला घातल्या, डावी-उजवी बघून, आणि फाटकाबाहेर उभ्या रिक्षाकडे निघाली. मुलीने वळून हात केला. मी हात केला. आपण या आजीला चहाही विचारला नाही हे रिक्षा गेल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी सहा वाजता बँकेतल्या बाबांना फोन केला. त्यांचा मुलगा सोळावा. ज्याने सगळ्यांची पत्रं गोळा केली त्याचंच मूल काढायचं हे मलाही चांगलं दिसत नव्हतं, पण कोण केव्हा आलं हे मी बदलू शकत नव्हते. मी नोंदणीचं सांगितलं, स्टेशनजवळच्या जागेचं सांगितलं, तिथल्या बाईंचा नंबर दिला.

"मावशी," ते म्हणाले, "मसुदा मी केला होता."

"हो."

"निदान पत्रं दिलीत का?"

नाही म्हटलं, आणि देणारही नाही. का ते सांगितलं. तापाचं, औषधांचं, कितीही मुलांचं. पलीकडे त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग ते म्हणाले की सगळ्यांनी चांगल्या मनाने लिहिलं होतं. माहीत आहे, मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी ग्रुपवर ते ग्रुप सोडून गेल्याची ओळ आली.

शिक्षिका आई त्यामानाने लवकर आटपली. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत परीक्षा होत्या. तिने पत्ता लिहून घेतला, वेळा विचारल्या, स्टेशनजवळच्या बाई जेवण देतात का तेही विचारलं. शेवटी म्हणाली, ठीक आहे मावशी, आणि मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. मॉलमधली गोष्ट सांगताना तिचा आवाज वेगळा होता.

मग मी ग्रुपवर लिहिलं. उद्यापासून हजेरीची वही. आणणाऱ्याने वेळ लिहून सही करायची, नेणाऱ्यानेही. औषध कागदावर लिहून दिल्याशिवाय दिलं जाणार नाही. ताप असलेल्या मुलाला आणू नये. मुलं पंधरा. दोन घरांनी जोडलेल्या हातांचं चिन्ह पाठवलं. एकाने विचारलं, ताप कितीपर्यंत चालेल? बाकी कोणी काही लिहिलं नाही. फोन कोणाचा आला नाही. आठवडाभर तो ग्रुप दिवसाला शंभरदा वाजत होता, त्यामुळे शांतता जरा जास्त वाटली.

शेंगा सोलल्या. एका माणसाला फार होत्या. मूठभर दाणे भातात घातले, बाकीचे डब्यात भरून फ्रिजमध्ये, दारात, जिथे औषधं असायची तिथे. सतरा पत्रं एका मोठ्या पाकिटात घालून कपाटात ठेवली. फाडली नाहीत. त्यातल्या नऊंत माझं नाव भरून झालं होतं, बाकीच्यांत रेघ रिकामी राहिली. कार्यालयासाठी मी एक पान स्वतः लिहिलं. संख्या चुकली होती हे पहिल्या वाक्यात, मग काय काय बदललं ते. खाली सही आणि पूर्ण नाव.

सोमवारी सकाळी साडेपाचला उठले. मांडणी वाळली होती, ती आत आणून जागेवर लावली. सगळ्यांत खालच्या ओळीत वही ठेवली, पेन वहीला दोऱ्याने बांधलं. वहीच्या पहिल्या पानावर चालवणारीचं नाव लिहायची जागा होती, तिथे लिहिलं. सव्वासातला पहिलं मूल आलं. त्याच्या आईने सही करताना वर वाचलं आणि विचारलं, मावशी, हे तुमचं नाव? हो म्हटलं. छान आहे, ती म्हणाली, वेळ लिहिली आणि बससाठी पळाली. पुढचे आले, त्यातल्या काहींनी माझ्याकडे न बघता सह्या केल्या. एकाने पेनाचा दोरा तोडला, मी परत बांधला.

साडेआठपर्यंत दार उघडं ठेवलं. एरवी सव्वाआठलाच लावते. मग एक मूल बाहेरच्या फरशीकडे निघालं म्हणून कडी घातली. हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत फिरून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत मोजलं. पंधरा. वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि कुकर चढवला.